रात्री अकराची भूक सकाळी आठला सुरू होते

प्रश्न : वय ४३, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहिलं डाएट २९व्या वर्षी केलं, ६२ वरून ५४ वर आले. तेव्हापासून पाच डाएटं झाली. दर वेळी सहा-सात किलो उतरतात आणि वर्षभरात आठ-नऊ चढतात. पाचला उठल्यावर चहा, साडेसातला एसटीत दोन मारी बिस्किटं, दीडला डब्यातली एक पोळी आणि कोरडी भाजी, साडेपाचला चहा-खारी. रात्री सगळ्यांचं झाल्यावर एक पोळी, चार घास भात आणि मुलांचं ताटात-डब्यात उरलेलं. सोमवारी आणि एकादशीला उपास. पण अकराच्या सुमाराला घर झोपलं की दिवा न लावता ओट्याशी उभी राहून चिवडा, लाडू, मुलाची चॉकलेटं, हाताला लागेल ते खाते. आठवड्यातून चार-पाच रात्री असं होतं. थांबायचं ठरवलं तरी हात थांबत नाही. सकाळी लाज वाटते, मग त्या दिवशी आणखी कमी खाते. मैत्रीण म्हणते दोनदाच जेव, नणंद म्हणते दर दोन तासांनी खा. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आलाय. दिवसभर मी इतकं कमी खाते, मग असं का? माझं मन इतकं दुबळं का?

उत्तर : ताई, आधी तुमचाच दिवस तुमच्यापुढे मांडते. पहाटे पाच ते संध्याकाळी साडेपाच हे साडेबारा तास धरा. या वेळात तुम्ही दोन चहा, दोन बिस्किटं, एक पोळी, थोडी भाजी आणि एक खारी खाल्लीत. सगळं मिळून जेमतेम पाचशे कॅलरी. प्रथिनं दहा-बारा ग्रॅम. तुमच्या उंचीच्या बाईला दिवसाला निदान पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. एवढ्यावर तुम्ही दोन डबे भरले, एसटीत उभ्यानं प्रवास केला, दिवसभर वर्ग सांभाळला, घरी येऊन पुन्हा स्वयंपाक केला. ज्या बाईचं मन दुबळं असतं तिला हे एक दिवससुद्धा जमत नाही. तुम्ही चौदा वर्षं करताय.

तुम्ही 'दिवसभर कमी खाते' हे स्वतःच्या बाजूनं सांगताय, आणि रात्रीचं खाणं गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलंय. मला ही दोन्ही मिळून एकच गोष्ट दिसते. दिवसा शरीराकडून जे उसनं घेता, ते रात्री अकराला ते वसूल करतं. वसुलीला येतं तेव्हा काकडी-मुळा मागत नाही. गोड, तळलेलं, पटकन तोंडात टाकता येणारं मागतं, कारण उपाशी शरीराला ताबडतोब साखर आणि तेल हवं असतं. सकाळी लाज वाटून तुम्ही आणखी कमी खाता आणि दुसऱ्या रात्रीची तयारी तिथंच होते.

हे मी तुमची समजूत घालायला सांगत नाही. १९४४-४५ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी, धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात होरपळलेल्या युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे त्याला शोधायचं होतं. त्या तरुणांना २४ आठवडे रोज साधारण १५७० कॅलरी दिल्या आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायला लावलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं घटलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्या वागण्यात झालेलं. ज्यांना कधी स्वयंपाकात रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. ताटं चाटू लागले, जेवण तासभर लांबवू लागले, सारखे खाण्याबद्दलच बोलू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. प्रयोग संपल्यावर त्यांतले काहीजण पोट फुटेपर्यंत खात, तरी भूक भागली असं त्यांना वाटत नसे. पोट भरलं तरी मन भरेना, ही अवस्था त्यांची कित्येक महिने टिकली. हे सगळे मनानं खंबीर म्हणून पारखून निवडलेले तरुण होते.

आता १५७० हा आकडा लक्षात ठेवा. ते पुरुष होते, उंचीनं मोठे होते, त्यामुळे सरळ तुलना होणार नाही हे मान्य. तरी आपल्याकडे बायकांच्या हातात सर्रास १२०० कॅलरीचा तक्ता दिला जातो. मिरज-सांगली भागात मी तेवीस वर्षं आहारसल्ल्याचं काम करते आहे आणि पहिली सहा-सात वर्षं मीही तो छापील तक्ता देत होते. सकाळी एक वाटी पोहे, अकराला एक सफरचंद, दुपारी दीड पोळी. बायका तीन महिन्यांत बारीक होऊन यायच्या, मी कौतुक करायचे आणि फाइल बंद व्हायची. दीड-दोन वर्षांनी त्याच बाया वाढलेल्या वजनानं परत येत, मान खाली घालून, 'मॅडम, मीच ढिली पडले' म्हणत. मीही मान डोलवायचे. त्या मान डोलवण्याचं मला आजही वाईट वाटतं.

दर वेळी आधीपेक्षा जास्त वजन का चढतं, तेही सांगते. नुसतं कमी खाऊन सात किलो उतरवता तेव्हा त्यात चरबी असते तसे स्नायूही असतात. पुन्हा वजन चढतं तेव्हा चरबी आधी परत येते, स्नायू मागे राहतात. मिनेसोटाच्या त्या तरुणांतही हेच दिसलं. स्नायू कमी झाले की बसल्याजागी शरीराला लागणारी ऊर्जाही घटते. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतले चौदा स्पर्धक सहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरींनी कमी होता, आणि बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं. म्हणजे २९व्या वर्षीचे तुमचे ६२ किलो आणि उद्या कसेबसे गाठाल ते ६२ किलो सारखे असणार नाहीत. काटा दोन्हींना एकच म्हणेल.

यात आपला भारतीय बांधा आणखी भर घालतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं त्यांनी मोजली. ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं खूप हलकी होती, सरासरी २.७ किलो विरुद्ध ३.५. तरी त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून होती आणि स्नायू तेवढे कमी होते. आईच्या पोटातूनच आपण स्नायूंची अपुरी शिदोरी घेऊन येतो. त्यात दर दोन-तीन वर्षांनी उपाशी राहून ती आणखी झिजवायची, हे आपल्याला परवडत नाही. म्हणूनच आपल्याकडे बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ ला धरतात आणि बायकांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. तुम्ही कंबर मोजून ठेवा. काट्यापेक्षा ती खरं बोलते.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर थांबते. 'मुलांचं ताटात-डब्यात उरलेलं.' ही ओळ मला रोज ऐकायला मिळते आणि दर वेळी माझी आई आठवते. ती जत तालुक्यातली. १९७२च्या दुष्काळात तिनं खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी खाल्लेली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापलेल्या. ती भाकरी तव्यावर तुटायची, घशाखाली उतरत नसे, असं ती सांगायची. त्या पिढीनं 'पानात टाकायचं नाही' हा नियम जिवाच्या आकांतानं पाळला आणि आपल्याला दिला. नियमात चूक काही नाही. पण त्याचा भार घरातल्या एकाच माणसाच्या पोटावर पडतो, आणि ती नेहमी आईच असते. तुम्हाला अन्नाचा मान राखायचा असेल तर मुलाच्या डब्यात अर्धी पोळी कमी घाला, उरलेलं झाकून सकाळी फोडणीची पोळी करा, दारातल्या कुत्र्याला घाला. तुमच्या पोटात गेल्यानं ते अन्न वाचत नाही.

एका बाईंना मी सांगितलं होतं, पुढच्या वेळी येताना तुमचं रोजचं ताट-वाटी-चमचा घेऊन या. वाटी केवढी, चमचा केवढा, ते मला बघायचं असतं. त्यांनी स्टीलचं चांगलं मोठं ताट आणलं, कडेला नाव कोरलेलं. नाव नवऱ्याचं होतं. 'तुमचं कुठलं?' म्हणाले तर गप्प झाल्या. त्यांचं असं ताटच नव्हतं. सगळ्यांचं झालं की पातेल्यात उरलेल्या भातावर आमटी ओतून त्या तिथंच कालवून खायच्या, एक भांडं कमी घासावं लागतं म्हणून. त्याही रात्री उठून खायच्या. त्यांना मी पहिले तीन आठवडे आहारातलं काहीही बदलायला सांगितलं नाही. फक्त स्वतःसाठी एक ताट घ्यायचं आणि घरातल्या कुणातरी एकाबरोबर बसून जेवायचं, एवढंच. तुम्ही शाळेत आधी मुलांना खिचडी वाढत असाल आणि मग डबा उघडत असाल, घरीही तोच क्रम. हा क्रम निदान एका जेवणापुरता मोडा.

उपासाचं. श्रद्धेत मी पडत नाही, पण सोमवारी तुमच्या पोटात काय जातं ते सांगते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावाला. साठ-सत्तर ग्रॅम साबुदाणा, कूट आणि दीड चमचा तूप अशी खिचडीची बशी पाचशे कॅलरीपर्यंत सहज जाते, आणि साखर ज्या वेगानं चढवते त्याच वेगानं उतरवते. एचबीएवनसी ६.१ असताना हे बरं नाही. 'एकादशी दुप्पट खाशी' हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. उपास करायचाच असेल तर वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, वाटीभर दही, काकडीची कोशिंबीर असं दोन वेळा नीट बसून जेवा. पुढे कधी मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको.

मैत्रीण आणि नणंद यांच्याबद्दल. हा वाद नवा नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे घरोघरी 'दीक्षित की दिवेकर' चाललं होतं. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवा. ऋजुता दिवेकर सांगतात थोडं थोडं, ठरावीक अंतरानं खा. दोन्हींचा उपयोग झालेली माणसं मी पाहिली आहेत. पण ज्या माणसाला रात्री खाण्यावर ताबा राहत नाही, त्याला लांब उपाशी ठेवणं मला धोक्याचं वाटतं. तुम्ही दुपारच्या एका पोळीवर आजही जवळजवळ एकदाच जेवता आहात, आणि त्याचं काय होतं ते तुमच्यासमोर आहे. दर दोन तासांनी खाणं तुमच्या वेळापत्रकात बसणार नाही. तुम्हाला तीन नीट जेवणं आणि दुपारी चारच्या सुमाराला मूठभर काहीतरी, एवढं पुरे.

तर सुरुवात सकाळी. शाळेला निघण्याआधी किंवा फार तर आठपर्यंत पोटात खरं अन्न गेलं पाहिजे. दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी. अंडी चालत नसतील तर मुगाची दोन धिरडी आणि दही. पीठ रात्रीच कालवून फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी सात मिनिटं लागतात. नाहीतर मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर आणि भाकरी. सकाळी भूकच लागत नाही, असं तुम्ही म्हणाल. रात्री अकराला पोट भरून झोपल्यावर लागणार कशी? पहिला आठवडा अर्धं खा. रात्रीचं कमी होत गेलं की सकाळची भूक आपोआप परत येते. डब्यात एकाऐवजी दोन पोळ्या आणि कोरड्या भाजीसोबत उसळ किंवा घट्ट वरण. चारला मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. रात्री आठ-साडेआठला मुलांबरोबरच ताट वाढून घ्या. भाकरी, भाजी, वाटीभर आमटी, हवा तर भात. चहा सोडायला मी सांगणार नाही. साखर दोन चमच्यांवरून एकावर आणा, बास.

हे वाचून तुम्हाला भीती वाटेल की दिवसा वाढवलं आणि रात्रीचं तसंच राहिलं तर वजन आणखी चढेल. पहिले दोन-तीन आठवडे किलो-दीड किलो इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणूनच दोन महिने काट्यावर उभं राहू नका. कपाटावर टाकून ठेवा तो.

अकराला ओढ लागली तर नाही म्हणायचा प्रयत्न करू नका. तुम्ही चौदा वर्षं नाही म्हणून पाहिलंय. फक्त आधी दिवा लावा, ताटलीत घ्या, बसा आणि मग खा. लाडू असेल तर लाडू. अंधारात उभ्यानं खाताना काय आणि किती गेलं ते डोळ्यांना कळत नाही, जिभेलाही धड कळत नाही, म्हणून हात थांबत नाही. लाडू, चिवडा, चॉकलेट 'वाईट' म्हणून दिवसा टाळायचे आणि रात्री चोरून खायचे, त्यापेक्षा दुपारी चारला स्वतःच्या हातानं एक लाडू ताटलीत घेतलात तर रात्री त्याची धार कमी होते. एका वहीत वेळ, उभ्यानं की बसून, आणि खाण्याआधी मनात काय चाललं होतं एवढं लिहा. कॅलरी लिहू नका. बऱ्याच बायकांच्या वहीत महिनाभरानं दिसतं की अकराची ती वीस मिनिटं हाच त्यांचा दिवसातला एकटीचा वेळ होता. तुमचंही तसं असेल तर ती वीस मिनिटं संध्याकाळी कुणाकडून तरी मागून घ्यावी लागतील. घरच्यांशी तसं सरळ बोला.

साखरेची काळजी आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षं अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी खाणं आणि चालणं सुधारलं त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही त्यांचं वजन फारसं न उतरता. तुम्ही रोज अर्धा तास चाललात आणि आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून दंड असं स्नायूंचं काही केलंत, तर काटा हलला नाही तरी रक्तात फरक पडतो. स्नायू हे साखरेचं सगळ्यात मोठं कोठार आहे. हे मी दवाखान्यात इतक्यांदा बघितलंय की हल्ली वजनाआधी एचबीएवनसी आणि कंबर विचारते.

इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. वजन आणि साखरेवरची नवी इंजेक्शनं खरोखर काम करतात आणि काहींना ती लागतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं. त्यातलं एक, सेमाग्लुटाइड, थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं अभ्यासात दिसलंय, म्हणून पाठीमागची खाण्या-चालण्याची घडी बसवावीच लागते.

आणि आता जे सांगते ते टाळू नका. ताबा सुटून, लपून, पोट दुखेपर्यंत खाणं आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिन्यांहून जास्त काळ चालू असेल, तर तो 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' हा २०१३ पासून स्वतंत्र मानला गेलेला आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तुमचं वर्णन त्याच्या जवळ जातं. निदान पत्रातून होत नाही, म्हणून एकदा मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांना भेटा. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर वाट बघू नका. त्यानं रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. पाळी अनियमित असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा. कुठल्या दुखण्यासाठी स्टेरॉइड किंवा झोपेच्या-मनाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, काहींनी वजन वाढतं.

तीन आठवड्यांनी वही समोर ठेवून मला परत लिहा. वजन कळवू नका. सकाळी आठ वाजता काय खाल्लंत आणि रात्रीचं जेवण कुणाबरोबर बसून केलंत, एवढं कळवा.